ग्रॅहम काउंटी, कॅन्सस: इतिहास आणि कुलवृत्तान्ताची कागदपत्रे यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रॅहम काउंटी कोठे आहे, आणि काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा असे समजावे काय?

ग्रॅहम काउंटी अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या वायव्य भागात आहे. सॉलोमन नदीचा दक्षिण फाटा तिच्यामधून पूर्वेकडे वाहत जातो, हिल सिटी हे तिचे मुख्यालय आहे आणि २०२० च्या जनगणनेत तिची लोकसंख्या २,४१५ भरली. क्षेत्रफळ सुमारे ९०० चौरस मैल, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या तालुक्याएवढे. माणसे मात्र एखाद्या मध्यम गावाएवढी. काउंटीला जिल्हा म्हणणे बोलण्यापुरते ठीक आहे, पण कागदपत्रे शोधणाऱ्याने तहसील कचेरी, दुय्यम निबंधक आणि न्यायालय एकाच आवारात बसले आहेत असे चित्र डोळ्यांपुढे आणावे. ‘रजिस्टर ऑफ डीड्स’ या अधिकाऱ्याकडे खरेदीखते आणि गहाणखते असतात, ‘काउंटी क्लार्क’कडे कर आणि निवडणुकांचे दप्तर असते, आणि वारसा, मृत्युपत्रे व जुने विवाह परवाने न्यायालयाच्या कारकुनाकडे मिळतात. कोणता कागद कोणाच्या कपाटात आहे हे आधी न ठरवता लिहिलेले पत्र बहुधा उत्तराविना पडून राहते.

काउंटी १८६७ मध्ये स्थापन झाली असे वाचले. मग १८८० पूर्वीची दप्तरे का सापडत नाहीत?

कारण १८६७ मध्ये काउंटी फक्त नकाशावर होती. कॅन्ससच्या विधिमंडळाने पश्चिमेकडील जवळजवळ निर्मनुष्य माळरानावर चौकोन आखले आणि त्यांपैकी एकाला, यादवी युद्धातील चिकामॉगाच्या लढाईत १८६३ साली मारले गेलेले कॅप्टन जॉन एल. ग्रॅहम यांचे नाव दिले. प्रत्यक्ष कारभार, म्हणजे निवडून आलेले अधिकारी, नोंदवह्या आणि शिक्के, १८८० मध्ये सुरू झाला. त्याआधी येथे राहायला आलेल्यांचे कायदेशीर व्यवहार शेजारच्या संघटित काउंट्यांमध्ये होत असत, त्यामुळे १८७७ ते १८८० या काळातील विवाह किंवा दावा ग्रॅहमच्या दप्तरात नसला तर तो नष्ट झाला असा निष्कर्ष काढू नये.

पहिले मुख्यालय मिलब्रूक हे होते. १८८७ मध्ये ते गाव चक्रीवादळाने उद्ध्वस्त केले आणि पुढच्याच वर्षी मुख्यालय हिल सिटीकडे गेले. आज मिलब्रूक नकाशावर शोधूनही सापडत नाही, पण जुन्या पत्रांवर आणि मृत्युलेखांत ते नाव वारंवार येते, म्हणून ते लक्षात ठेवलेले बरे.

एवढ्या लहान काउंटीची चर्चा वंशावळीच्या अभ्यासकांमध्ये इतकी का होते?

निकोडेमसमुळे. काउंटीच्या पूर्व टोकाला असलेले हे गाव गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय लोकांनी १८७७ मध्ये वसवले, आणि मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडे, पुनर्रचनेच्या, म्हणजे यादवी युद्धानंतरच्या, काळात वसलेल्या अशा वसाहतींपैकी आजही माणसे नांदत असलेली ही सर्वांत जुनी वसाहत आहे. डब्ल्यू. आर. हिल हा गोरा जमीन-दलाल आणि रेव्हरंड डब्ल्यू. एच. स्मिथ यांच्यासह काही कृष्णवर्णीय पुढारी यांनी एप्रिल १८७७ मध्ये वसाहत कंपनी काढली, जाहिरातींची पत्रके छापली, आणि केंटकी राज्यातील जॉर्जटाउन व लेक्सिंग्टनच्या परिसरात सभा घेऊन सुपीक जमीन, इमारती लाकूड आणि शिकार यांची वर्णने ऐकवली. जुलैमध्ये कॅन्ससची राजधानी टोपेका येथून सुमारे ३० जण आले. सप्टेंबरमध्ये केंटकीहून सुमारे ३०० जणांचा मोठा जथा रेल्वेने एलिस या स्थानकापर्यंत आला आणि तेथून पुढचे पन्नासएक किलोमीटर अंतर त्यांनी बहुतांशी पायी तोडले.

पत्रकातले लाकूड माळावर नव्हतेच. लोकांनी टेकाडांच्या उतारात खोदून घरे केली. इंग्रजीत त्यांना ‘डगआउट’ म्हणतात, आपण भुयारघर म्हणू. सूर्यफुलाची वाळलेली ताटे आणि गव्यांच्या शेणाच्या वाळलेल्या गोवऱ्या हे सरपण होते. १८७८ च्या वसंतात आलेल्या विलियाना हिकमन यांची आठवण पुढे नोंदवली गेली आहे: सोबतचे पुरुष ‘ते बघा निकोडेमस’ म्हणून ओरडू लागले तेव्हा त्यांना काहीच दिसेना, आणि नवऱ्याने जमिनीतून निघणाऱ्या धुराकडे बोट दाखवले तेव्हा त्या रडू लागल्या. त्याच प्रवासात एलिसला गोवराची साथ येऊन जथ्यातील मुले दगावली होती. काही कुटुंबे आल्या पावली परत गेली. पहिल्या हिवाळ्यात शिकारीवरून परतणाऱ्या ओसेज या मूळ अमेरिकन जमातीच्या लोकांनी आपल्याजवळचे मांस वाटले म्हणून अनेक जण तगले, असे निकोडेमसच्या घराघरांत सांगितले जाते.

दहा वर्षांत मात्र तेथे चर्च, शाळा, हॉटेले, बँक आणि दोन वृत्तपत्रे उभी राहिली. झॅकरी फ्लेचर हे पहिले टपालमास्तर झाले आणि त्यांच्या पत्नी जेनी स्मिथ फ्लेचर यांनी पहिली शाळा चालवली. एडवर्ड पी. मॅककेब हे निकोडेमसला राहून जमिनीची कामे करीत. ते १८८२ मध्ये कॅन्सस राज्याचे लेखापरीक्षक म्हणून निवडून आले, आणि १८८४ मध्ये पुन्हा. मग रेल्वेचा प्रश्न आला. १८८७ मध्ये गावकऱ्यांनी रेल्वे कंपनीसाठी १६,००० डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले, पण ती कंपनी आलीच नाही आणि १८८८ मध्ये दुसऱ्या कंपनीचा रूळ नदीच्या पलीकडून गेला. तेथे बोग हे गाव उभे राहिले आणि निकोडेमसच्या दुकानदारांनी आपली दुकाने उचलून तिकडे नेली. वंशावळीच्या दृष्टीने हे वर्ष महत्त्वाचे आहे, कारण यानंतर एकाच कुटुंबाची माणसे निकोडेमस, बोग, हिल सिटी, टोपेका आणि डेन्व्हर अशी विखुरलेली आढळतात.

निकोडेमसचे लोक म्हणजेच ‘एक्सोडस्टर’ का?

नाही, जरी अनेक ठिकाणी तसे लिहिले जाते. एक्सोडस्टर हे नाव मुख्यतः १८७९ मध्ये लुइझियाना, मिसिसिपी, टेनेसी इत्यादी राज्यांतून अचानक उसळलेल्या स्थलांतराला दिले गेले. निकोडेमसचे लोक त्याआधी दोन वर्षे, केंटकीहून, कंपनीला पैसे भरून आणि ठरवून आले होते. हा भेद केवळ शब्दांचा नाही: पूर्वज एक्सोडस्टर धरला तर आपण मिसिसिपीत शोधत बसाल आणि कागद केंटकीतल्या स्कॉट काउंटीत, म्हणजे जॉर्जटाउनच्या परिसरात, पडून राहतील.

शोधाची सुरुवात कोणत्या कागदापासून करावी? जन्मनोंदीपासून?

जमिनीपासून करावी. कॅन्ससमध्ये जन्म आणि मृत्यू यांची राज्यस्तरीय नोंदणी १ जुलै १९११ पासून आणि विवाहांची १ मे १९१३ पासून सुरू झाली. त्याआधीच्या पिढीसाठी जन्मदाखला मागणे म्हणजे कोरड्या विहिरीत पोहरा सोडणे आहे. १८८५ पासून काही काळ काउंटीच्या कारकुनांनी जन्म-मृत्यूच्या वह्या ठेवायच्या होत्या, पण वैद्य कळवतील तेव्हा नोंद, असा तो कारभार होता. ज्या काउंटीत लोक आलेच जमिनीसाठी, तेथे त्यांचे सर्वांत तपशीलवार वर्णनही जमिनीच्याच कागदांत सापडते.

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने कुटुंबप्रमुखाला किंवा २१ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला १६० एकर सरकारी जमीन मिळत असे. अट अशी की तेथे पाच वर्षे राहायचे, जमीन कसायची आणि मुदतीत तसा पुरावा द्यायचा. अर्ज जवळच्या सरकारी जमीन कार्यालयात होत. निकोडेमसच्या पहिल्या लोकांना त्यासाठी कर्विन या गावापर्यंत जावे लागे.

खरेदीखतावर ‘वायव्य चतुर्थांश, सेक्शन १०, टाउनशिप ८ दक्षिण, रेंज २१ पश्चिम’ असे काहीसे लिहिलेले असते. हे कसे वाचावे?

उजवीकडून डावीकडे, म्हणजे मोठ्याकडून लहानाकडे वाचावे. कॅन्ससची जमीन सहा मैल लांब व सहा मैल रुंद अशा चौकोनांत मोजलेली आहे. त्या चौकोनाला टाउनशिप म्हणतात. ‘टाउनशिप ८ दक्षिण’ म्हणजे नेब्रास्का-कॅन्सस सीमेवरील आधाररेषेपासून दक्षिणेकडे आठवी ओळ, आणि ‘रेंज २१ पश्चिम’ म्हणजे सहाव्या प्रमुख मध्यान्हरेषेपासून पश्चिमेकडे एकविसावा रकाना. प्रत्येक टाउनशिपमध्ये एक चौरस मैलाचे, म्हणजे ६४० एकरांचे, ३६ सेक्शन असतात आणि सेक्शनचा चौथा हिस्सा म्हणजे नेमके १६० एकर. सेक्शनचे क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून सुरू होऊन पश्चिमेकडे जातात, सहावर वळतात आणि खालच्या ओळीत पुन्हा पूर्वेकडे येतात. शेतात औत जसे टोकाला वळून परत येते तसेच हे क्रमांक चालतात. एवढे लक्षात ठेवले की नकाशा पाहायला नको.

ग्रॅहम काउंटी टाउनशिप ६ ते १० आणि रेंज २१ ते २५ यांत बसते. पाच गुणिले पाच असे पंचवीस चौकोन झाले, आणि ९०० चौरस मैलांचा हिशेबही त्यातूनच लागतो. रेंज २१ म्हणजे पूर्व कडा, अर्थात निकोडेमसची बाजू. एक सावधगिरी: जनगणनेत ‘निकोडेमस टाउनशिप’ असे दिसते ती मोजणीची टाउनशिप नव्हे, ती स्थानिक कारभाराची हद्द आहे. दोघींचे नाव एकच असल्यामुळे नवखा माणूस येथे हमखास चुकतो. मीही चुकलो होतो आणि एका कुटुंबाला दोन दिवस भलत्याच ओढ्याकाठी शोधत बसलो होतो.

होमस्टेडच्या फाइलमध्ये प्रत्यक्ष काय असते?

पट्टा, म्हणजे शेवटी मिळालेले मालकीपत्र, हा तिच्यातील सर्वांत देखणा आणि सर्वांत निरुपयोगी कागद. त्यावर नाव, जमिनीचे वर्णन आणि तारीख यांपलीकडे काही नसते. खरा ऐवज असतो तो पाच वर्षांनंतर दिलेल्या पुराव्याच्या जबान्यांमध्ये. अर्जदाराची एक आणि दोन शेजाऱ्यांची दोन, अशा या जबान्या छापील प्रश्नावलीवर लिहिलेल्या असतात. वय काय, जन्म कोठला, कुटुंबात कोण कोण, या जमिनीवर प्रथम केव्हा राहायला आलात, घर कसे व केवढे, किती एकर नांगरले, किती हंगाम पीक घेतले, मधल्या काळात कधी बाहेर गेला होता काय आणि का, असे विचारलेले असते. उत्तरांत मग भुयारघराची लांबी-रुंदी फुटांत येते, विहिरीची खोली येते, कोंबड्यांचे खुराडे आणि डॉलरमधील त्याची किंमतही येते. ‘बाहेर गेला होता काय’ या प्रश्नाचे उत्तर मला नेहमी सर्वांत मोलाचे वाटते, कारण रोख पैशासाठी रेल्वेच्या किंवा दुसऱ्या काउंटीतील कापणीच्या कामावर गेलेला बाप, आणि मागे जमीन धरून राहिलेली आई व मुले, ही गोष्ट दुसऱ्या कोणत्याही सरकारी कागदावर लिहिलेली नसते.

साक्षीदारांची नावे उतरवून घ्यायला विसरू नये. ते बहुधा शेजारी असतात, आणि या वसाहतीत शेजारी म्हणजे पुष्कळदा मेहुणा, व्याही किंवा केंटकीतल्या त्याच मळ्यावरून आलेला सोबती. पुराव्याआधी स्थानिक वृत्तपत्रात नोटीस छापावी लागे. तिचे कात्रणही फाइलला जोडलेले असते. अर्जदार परदेशात जन्मलेला असेल तर नागरिकत्वाची कागदपत्रे फाइलमध्ये असतात, आणि काउंटीतील युरोपीय कुटुंबांच्या वंशजांसाठी ती बोटीच्या यादीपेक्षाही उपयोगी ठरतात. या फाइली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

सरकारी जमीन विभागाच्या संकेतस्थळावर पूर्वजाचे नाव येत नाही. म्हणजे त्याने जमीन घेतलीच नव्हती काय?

असे मुळीच नाही. त्या संकेतस्थळावर मुख्यत्वे पट्टे आहेत, म्हणजे जे शेवटपर्यंत टिकले त्यांचीच नावे. दुष्काळ, टोळ, कर्ज किंवा मृत्यू यांमुळे ज्यांनी मध्येच दावा सोडला त्यांचे अर्ज ‘ट्रॅक्ट बुक’ या नोंदवह्यांत आहेत. त्यांत जमिनीच्या तुकड्यानुसार, त्या तुकड्यावर कोणी कोणी केव्हा अर्ज केला आणि तो केव्हा रद्द झाला, हे ओळीने लिहिलेले असते. आपल्या फेरफार नोंदींची सवय असलेल्या माणसाला ही वही वाचायला वेळ लागणार नाही. या वह्यांच्या प्रतिमा फॅमिलीसर्च या संस्थेच्या संकेतस्थळावर आहेत. त्या नावानुसार लावलेल्या नाहीत, त्यामुळे आधी टाउनशिप व रेंज ठाऊक असावी लागते. रद्द झालेल्या अर्जांच्याही फाइली जपलेल्या असतात.

अपयशी अर्जदारांकडे दुर्लक्ष करण्याची खोड आपल्या क्षेत्रात फार आहे. कुलवृत्तान्त लिहिणाऱ्याला जमीन मिळवलेला आजोबा हवा असतो, सोडून गेलेला चुलता नको असतो. पण तो चुलताच पुष्कळदा दुसऱ्या राज्यातील शाखेचा दुवा असतो.

स्त्रियांच्या नावावर होमस्टेड असे काय?

होय. अविवाहित, विधवा आणि घटस्फोटित स्त्रियांना हा हक्क पहिल्यापासून होता. नवऱ्यासोबत नांदणाऱ्या विवाहितेला स्वतःच्या नावे अर्ज करता येत नसे. नवरा पुराव्याआधी वारला तर विधवा तो दावा पूर्ण करू शके, आणि तशा फाइलमध्ये नवऱ्याच्या मृत्यूची तारीख शपथेवर नोंदलेली मिळते. मृत्युनोंदणी सुरू होण्याच्या तीस वर्षे आधीची तारीख मिळवण्याचा याहून भरवशाचा मार्ग मला ठाऊक नाही.

जनगणनेच्या कोणत्या याद्या उपलब्ध आहेत? १८९० ची का मिळत नाही?

केंद्रीय जनगणना दर दहा वर्षांनी होते आणि व्यक्तींची नावे असलेले कागद ७२ वर्षांनी खुले होतात. १९५० च्या याद्या १ एप्रिल २०२२ रोजी खुल्या झाल्या. ग्रॅहमसाठी १८८० ही पहिली खऱ्या अर्थाने उपयोगी यादी आहे. १८९० ची जवळजवळ संपूर्ण यादी वॉशिंग्टनमधील वाणिज्य खात्याच्या इमारतीला १० जानेवारी १९२१ रोजी लागलेल्या आगीत, आणि आग विझवताना ओतलेल्या पाण्यात, खराब झाली आणि उरलेली पुढे नष्ट करण्यात आली. १८८० ते १९०० ही वीस वर्षांची पोकळी अमेरिकेत सर्वत्र आहे.

कॅन्ससचे नशीब थोडे बरे. या राज्याने १९२५ पर्यंत दर दहा वर्षांनी, पाचच्या वर्षी, स्वतःची जनगणना केली. १८८५ आणि १८९५ च्या राज्य याद्या ती पोकळी बुजवतात, आणि त्यांत कॅन्ससला कोठून आलात असा एक स्वतंत्र रकाना आहे. येथे जन्मस्थान आणि मागचे ठिकाण यांत गल्लत करू नये. जन्म केंटकी आणि ‘कोठून आलात’ पुढे मिसूरी असे असेल तर ते कुटुंब मध्ये कोठेतरी थांबले होते, आणि शोध तेथेही करायला हवा.

१८७० च्या मागे जाता येत नाही असे सगळे म्हणतात. ते खरे आहे काय?

गोऱ्या कुटुंबांसाठी ते खरे नाही; त्यांची माणसे १८५० पासून नावानिशी नोंदलेली आहेत. निकोडेमसच्या कुटुंबांसाठी मात्र १८७० ची जनगणना ही खरोखरच एक भिंत आहे, कारण गुलामगिरीत जन्मलेल्या बहुतेक माणसांची नावे देशाच्या जनगणनेत त्या वर्षी प्रथमच लिहिली गेली. १८५० आणि १८६० मध्ये गुलामांच्या वेगळ्या याद्या झाल्या होत्या, पण त्यांत नाव मालकाचे असते आणि त्याखाली केवळ वय, लिंग व वर्ण. ‘३४, पुरुष, काळा’, त्याखाली ‘२९, स्त्री, काळी’, त्याखाली ‘६, स्त्री, मिश्र’. ही माणसे एक कुटुंब होती की केवळ वयाच्या उतरत्या क्रमाने लिहिली गेली, हे त्या कागदावरून कळत नाही. १८६० मध्ये एकट्या केंटकीत अशा २,२५,४८३ ओळी होत्या.

तरीही भिंतीला खिंडारे आहेत. यादवी युद्धात केंटकी फुटून न निघता संघराज्यातच राहिल्यामुळे लिंकन यांची मुक्तिघोषणा तेथे लागू नव्हती आणि गुलामगिरी डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने संपली. त्याआधी मुक्त होण्याचा मुख्य रस्ता सैन्यातून जात होता. केंटकीतील हजारो पुरुष कॅम्प नेल्सन या लष्करी छावणीत भरती झाले. त्यांच्या भरतीच्या कागदांत मालकाचे नाव असू शकते, आणि विधवेच्या निवृत्तिवेतनाच्या फाइलमध्ये तर लग्न कोणाच्या मळ्यावर झाले, कोणी लावले, मुले केव्हा झाली, हे जुन्या सोबत्यांच्या जबान्यांसह सापडते. गुलामांच्या विवाहाला कायदा नव्हता, म्हणून विधवेला लग्न सिद्ध करण्यासाठी ही सगळी माणसे गोळा करावी लागत. त्यांच्यावर झालेल्या अन्यायातून आपल्याला पुरावा मिळतो, हे वाचताना ओशाळल्यासारखे होते.

१८६६ च्या केंटकीतील कायद्याने अशा जोडप्यांना काउंटीच्या कारकुनापुढे जाऊन आपला विवाह नोंदवता येऊ लागला. त्या वह्या पाहाव्यात. मुक्त झालेल्या गुलामांसाठी काढलेल्या फ्रीडमन्स बँकेच्या लेक्सिंग्टन शाखेतील खातेदारांच्या वह्यांत आई-वडील, भावंडे आणि काही वेळा पूर्वीचा मालक यांची नावे आहेत. लहानशी बचत ठेवायला आलेल्या माणसाने तेथे आपले सारे गणगोत सांगून ठेवलेले असते, विकल्या गेलेल्या बहिणीसकट. ही बँक १८७४ मध्ये बुडाली आणि अनेकांचे पैसे बुडाले, पण वह्या राहिल्या. याशिवाय १८५२ च्या कायद्यानुसार केंटकीत काही वर्षे जन्म-मृत्यूंची नोंद झाली, आणि तीत गुलामांची नोंद मालकाच्या नावाखाली आहे. सर्वांत शेवटी मालकाची मृत्युपत्रे आणि मालमत्तेच्या याद्या पाहाव्या लागतात. तेथे माणसांची नावे खाटा, खेचरे आणि नांगर यांच्यामध्ये लिहिलेली आणि पुढे किंमत टाकलेली असते. वंशजांना याची कल्पना आधी द्यावी. यादी एकदम हातात ठेवू नये.

आडनाव म्हणजे मालकाचेच आडनाव, असे धरून चालावे काय?

धरून चालू नये, तपासून पाहावे. काहींनी शेवटच्या मालकाचे आडनाव घेतले, काहींनी त्याआधीच्या मालकाचे, कारण आई-बाप तेथले होते, आणि काहींनी मालकाचे नाव मुद्दाम टाळले. निकोडेमसमधील काही कुटुंबांत, आपले पूर्वज स्कॉट काउंटीतील रिचर्ड एम. जॉन्सन यांच्या मळ्यावर होते अशी परंपरा आहे. हे जॉन्सन १८३७ ते १८४१ या काळात अमेरिकेचे उपाध्यक्ष होते. अशा परंपरेमुळे शोधाला दिशा मिळते, परंतु प्रत्येक जॉन्सन तेथलाच असे मानले तर वंशावळ भराभर वाढते आणि खोटी होते.

पहिल्या महायुद्धाच्या नोंदणीपत्राचा खालचा कोपरा फाटलेला आहे. प्रत खराब झाली आहे काय?

नाही, तो कोपरा मुद्दाम फाडलेला आहे. ५ जून १९१७ रोजी झालेल्या पहिल्या नोंदणीच्या पत्रावर, खाली डाव्या कोपऱ्यात, व्यक्ती आफ्रिकी वंशाची असल्यास हा कोपरा फाडावा अशी सूचना छापलेली होती. सैन्यात वेगळ्या पलटणींसाठी पत्रे पटकन निवडता यावीत म्हणून ही व्यवस्था. पत्राच्या उरलेल्या भागावर जन्मतारीख, जन्मगाव, व्यवसाय आणि अवलंबून असलेली माणसे दिसतात. जन्मनोंद नसलेल्या या पिढीसाठी ती तारीख त्याने स्वतः सांगितलेली असते, हे विशेष.

वृत्तपत्रांतून काय मिळते?

अपेक्षेपेक्षा बरेच. निकोडेमसमध्ये १८८६ मध्ये ‘वेस्टर्न सायक्लोन’ आणि १८८७ मध्ये ‘निकोडेमस एंटरप्राइझ’ ही पत्रे निघाली. जाहिराती आणि रेल्वेविषयीच्या गर्जना बाजूला सारल्या की उरतात त्या दोन-दोन ओळींच्या खबरा: कोणाकडे केंटकीहून बहीण आली, कोणाचा बैल मेला, कोण कापणीला गेले. ‘केंटकीहून आलेली बहीण’ या तीन शब्दांवरून मी एकदा एका कुटुंबाचे आडनाव बदललेले असल्याचे शोधले, कारण त्या बहिणीचे माहेरचे नाव पुढच्या अंकात छापले होते. कॅन्सस हिस्टॉरिकल सोसायटी ही संस्था १८७५ मध्ये संपादकांनीच स्थापन केली, त्यामुळे राज्यातील वृत्तपत्रांचा तिच्याकडील संग्रह विलक्षण संपूर्ण आहे.

शाळेच्या नोंदींचा उपयोग होतो काय?

होतो, आणि फार कमी लोक त्या पाहतात. शाळा-विभागाचे कारकून दरवर्षी आपल्या हद्दीतील शाळायोग्य वयाच्या मुलांची यादी पालकाच्या नावासह करीत. दोन जनगणनांच्या मध्ये जन्मून मोठे झालेले किंवा वारलेले मूल कधी कधी फक्त तेथेच दिसते.

या वसाहतींपूर्वी येथे कोण होते?

पॉनी, शायान आणि इतर मूळ अमेरिकन जमातींचे शिकारीचे हे प्रदेश होते. काउंटीत पेनोकीजवळ टेकडीवर दगड मांडून केलेली एक मोठी मानवाकृती आहे. होमस्टेडच्या फाइली ‘रिकामी जमीन’ असे म्हणतात तेव्हा ती करारांनी आणि फौजेच्या बळावर रिकामी केलेली होती. त्या लोकांची वंशकागदे काउंटीत नाहीत. ती केंद्र सरकारच्या ‘इंडियन’ खात्याच्या, म्हणजे मूळ अमेरिकन जमातींविषयीच्या खात्याच्या, दप्तरात आणि त्या त्या जमातींकडे आहेत.

घरातील आठवण आणि कागद जुळत नसतील तर कोणाचे खरे मानावे?

कागद कोणी, केव्हा आणि कोणाला विचारून लिहिला हे आधी पाहावे. जनगणनेत माहिती घरात जो हजर असेल त्याच्याकडून घेतली जाई, कधी शेजाऱ्याकडूनही. वय दहा वर्षांत सात वर्षांनीच वाढले असे पुष्कळदा दिसते. उलट शपथेवरच्या जबानीतही माणूस पाच वर्षांचा मुक्काम भरून काढण्यासाठी तारीख थोडी मागे ओढू शकतो. आठवणीतील तारखांवर फार भरवसा ठेवू नये, परंतु आठवणीतील नात्यांवर ठेवावा: कोणाला कोण मामा म्हणत असे, कोणाच्या घरी कोणाचे बाळंतपण झाले, हे म्हाताऱ्या माणसांना बहुधा बरोबर आठवते.

तेथे जाऊन पाहण्यासारखे काय आहे, आणि केव्हा जावे?

निकोडेमसला १९९६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. टाउनशिप हॉल, दोन चर्च, जुने सेंट फ्रान्सिस हॉटेल आणि शाळा या पाच इमारती त्यात येतात. गावात आता बोटांवर मोजण्याइतकी माणसे राहतात, पण जुलैच्या अखेरीस मुक्तिदिनाच्या निमित्ताने देशभरातून वंशज परततात आणि गाव भरते. कचेरीचे काम असेल तर ते त्याच आठवड्यात, शुक्रवारच्या आत, हिल सिटीला जाऊन उरकावे, कारण उत्सव शनिवार-रविवारी असतो आणि तेव्हा कचेरी बंद असते. दप्तरातून मिळालेल्या जबान्यांच्या छापील प्रती सोबत न्याव्यात आणि जेवणाच्या मंडपात वडीलधाऱ्यांपुढे ठेवाव्यात. साक्षीदारांच्या नावांवर बोट ठेवून कोण कोणाचा कोण ते सांगणारी माणसे तेथेच भेटतात.